पाच लिटरचा कुकर, जेवणारा एक

जूनच्या अखेरीस पिंपळनेरच्या एसटी स्टँडवर उभं राहा. धुळ्याला, नाशिकला, पुण्याला शिकायला निघालेली पोरं-पोरी ओळखायला वेळ लागत नाही. पाठीवर सॅक, हातात गादीची वळकटी आणि पायाशी एक गोणी. त्या गोणीतून कुकरचं हँडल बाहेर डोकावतं. घरातला जुना, पाच लिटरचा. आईनं नवा घेतला म्हणून हा पोराला मिळालेला. सोबत एक मोठा तवा, जर्मलचं पातेलं, सहा माणसांची भाजी ढवळता येईल एवढा सराटा आणि काळ्या मसाल्याची बरणी. यातली फक्त बरणीच योग्य मापाची आहे, असं माझं तीन वर्षांच्या अनुभवानंतरचं स्पष्ट मत.

मी पिंपळनेरची, सध्या नाशिकला भाड्याच्या खोलीत. आम्ही तिघी राहतो, पण तिघींच्या वेळा तीन. एकीचं कॉलेज सकाळी, एकीची नोकरी दुपारी आणि माझी बातम्यांची ड्युटी कधीही. म्हणजे खोली तिघींची असली तरी स्वयंपाक बहुतेक दिवस एकटीचा. आजूबाजूच्या खोल्यांमध्येही हेच चित्र. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, भाजी कशी करायची हा नाही, तर किती करायची आणि कशात करायची हा. रेसिपी यूट्यूबवर लाखभर सापडतात, पण त्यातल्या बहुतेक ‘चार जणांसाठी’ असतात.

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? चारनं भागायचं, संपलं. तसं होत नाही. ते का होत नाही, याकडे येतेच. पण त्याआधी हा प्रश्न आपल्या भागातल्या पोरांसाठी गंमतीचा का नाही, ते सांगते.

साक्री तालुक्याचा पश्चिम भाग, म्हणजे पिंपळनेरपासून नवापूरकडे जाणारा डोंगरपट्टा, कोकणी आणि भिल्ल वस्तीचा. इथली पोरं शाळेला आश्रमशाळेत असतात, कॉलेजला सरकारी वसतिगृहात. तिथं जेवण म्हणजे घंटा, रांग आणि ताट. बरं-वाईट असेल, पण शिजवणारा दुसरा असतो आणि मापही त्याचंच असतं. एप्रिल २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागानं ठरवलं की महानगरं आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या वसतिगृहांत खानावळ चालवण्याऐवजी जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा करायचे. महानगरात महिन्याला ३,५०० रुपये, जिल्ह्याच्या गावी ३,००० रुपये. यालाच सगळे ‘डीबीटी’ म्हणतात. विद्यार्थ्यांना ते पटलं नाही. जुलै २०१८ मध्ये पुण्याहून नाशिकच्या आदिवासी आयुक्तालयाकडे विद्यार्थ्यांचा पायी मोर्चा निघाला. सिन्नर तालुक्यातल्या नांदूर शिंगोटेजवळ पोलिसांनी तो अडवला. मागणी साधी होती, पैसे नको, मेस द्या.

बाहेरून बघणाऱ्याला हे विचित्र वाटलं होतं. पैसे हातात मिळतायत, तर नको का म्हणतायत? पण १९ वर्षांच्या पोराच्या हातात दिवसाचे १०० रुपये देऊन ‘आता तुझं तू बघ’ म्हणणं आणि त्याच्यापुढं भरलेलं ताट ठेवणं, यात फरक आहे. वसतिगृहाच्या खोल्या स्वयंपाकासाठी बांधलेल्या नव्हत्या. त्या १०० रुपयांत चहा, नाश्ता आणि दोन वेळचं जेवण भागवायचं, तर एकतर स्वस्त खानावळ शोधायची, नाहीतर वडापाववर दिवस काढायचा.

ज्यांना वसतिगृहात जागाच मिळत नाही त्यांच्यासाठी ‘पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना’ आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी साधारण तशीच ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना’. दोन्ही २०१६-१७ च्या सुमाराच्या. स्वयं योजना ठरली तेव्हा भोजनासाठी वर्षाला मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ३२,००० रुपये, इतर महापालिका क्षेत्रांत २८,००० आणि जिल्ह्याच्या गावी २५,००० असा दर होता. दहा महिन्यांचं शैक्षणिक वर्ष धरलं तर जिल्ह्याच्या गावी महिन्याला २,५०० रुपये, दिवसाला ८३. तेही हप्त्यांनी येणार. खानावळवाला मात्र ॲडव्हान्स मागतो. म्हणून भाड्याच्या खोलीतली पोरं शेवटी एक शेगडी घेतात आणि स्वतः शिजवायला लागतात. अशा वेळी पातेल्यात उरलेला आणि दुसऱ्या दिवशी टाकून दिलेला भात हा नुसता भात नसतो. ८३ रुपयांतले दहा-बारा रुपये कचऱ्यात गेलेले असतात.

खरं तर मराठी विद्यार्थ्याच्या इतिहासात ‘एकट्यानं शिजवणं’ ही तशी नवीच गोष्ट. पूर्वी पुण्यात शिकायला आलेले गरीब विद्यार्थी माधुकरी मागत किंवा ‘वार लावून’ जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. (अर्थात ही सोय सगळ्या जातींच्या पोरांना नव्हती, हेही सांगायला हवं.) कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जाती-धर्मांच्या मुलांसाठी बोर्डिंग चालवलं. तिथं मुलं एकत्र राबत, एकत्र जेवत. ते चालावं म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. मुंबईच्या गिरणगावात गावाहून एकटे आलेले कामगार खोलीवर शिजवत बसत नसत. ते खानावळवाल्या बायकांकडे महिन्याच्या हिशोबानं जेवत. याच बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र आणलं. म्हणजे वार असो, बोर्डिंग असो की खानावळ, भांडं कायम मोठंच होतं आणि जेवणारे अनेक. एक माणूस, एक शेगडी, एक पातेलं हा प्रकार आपल्या पिढीच्या वाट्याला आलाय. त्यासाठीचं माप आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. आईलाही ते येत नाही, कारण तिनं कधी एकासाठी शिजवलेलंच नाही. तिला फोन करून विचारा, ‘भात किती टाकू?’ उत्तर येतं, ‘टाक ना वं दोन-तीन मुठी.’ कुणाच्या मुठी?

वाटी घेऊन किराणा दुकानात

तर सुरुवात मापापासून. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था दिवसभराच्या थाळीचा हिशोब देते. २,००० किलोकॅलरीच्या थाळीत दिवसाला २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, ४०० ग्रॅम भाज्या, ३०० मिली दूध किंवा दही आणि २७ ग्रॅम तेल. सगळं कच्चं, न शिजवलेलं वजन. दिवसभर कबड्डीच्या मैदानावर असाल तर जास्त लागेल, दिवसभर लायब्ररीत बसत असाल तर कमी. पण हिशोबाला आकडा चांगला आहे.

आता हे ग्रॅम खोलीवर मोजणार कशानं? वजनकाटा कुणाकडे असतो? त्यावर सोपा उपाय. तुमची रोजची वाटी घ्या आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जा. काकांना सांगा, ही वाटी काट्यावर ठेवून शून्य करा आणि सपाट भरून तांदूळ टाका. किती भरले? मग तसंच तूरडाळीचं, तसंच ज्वारीच्या पिठाचं. आकडे वाटीच्या बुडाला मार्करनं लिहून ठेवा. काका एकदा विचित्र नजरेनं बघतील, पण पुढची तीन वर्षं निभतील. साधारण १५० मिलीच्या वाटीत सव्वाशे ग्रॅमच्या आसपास तांदूळ मावतात. म्हणजे दिवसभराचं २५० ग्रॅम धान्य म्हणजे दोन वाट्या. सकाळी मध्यम आकाराच्या दोन भाकरी (भाकरीला साधारण ८० ग्रॅम पीठ) आणि रात्री पाऊण वाटी तांदूळ. झाला की हिशोब. डाळ दिवसाला पाऊण वाटीपेक्षा जरा कमी, दोन वेळांत मिळून.

पाऊण वाटी तांदूळ ऐकायला कमी वाटतं. कुकरमध्ये टाकताना तर अगदीच केविलवाणं दिसतं, म्हणून हात आपोआप अजून एक मूठ टाकतो. पण तांदूळ शिजल्यावर वजनानं अडीच-तीन पट होतो. ती वरची एक मूठ रात्री दहा वाजता ताटाबाहेर उरलेली असते.

महिन्याचं बघायचं तर धान्य साडेसात किलो, डाळी अडीच किलो आणि तेल ८१० ग्रॅम. एक लिटर तेलाच्या पिशवीवर वजन बघा, ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं. म्हणजे एका माणसाला एक पिशवी महिनाभर पुरून थोडी उरायला हवी. पंधरा दिवसांत संपत असेल तर दोष जिभेचाच असेल असं नाही. बरेचदा तो कढईचा असतो. हे कसं, ते पुढे.

एक गंमत सांगते. आपल्या जुन्या मापांत एकट्या माणसाचं माप होतं! पायलीत चार शेर, शेरात दोन मापटी, मापट्यात दोन चिपटी, चिपट्यात दोन कोळवी आणि कोळव्यात दोन निळवी. शेर गावोगाव थोडा वेगळा असायचा, पण किलोच्या आसपास धरला तर त्याचा सोळावा भाग म्हणजे निळवं, साठेक ग्रॅमचं. एका माणसाच्या एका वेळच्या भाताला बरोब्बर! माझ्या आजीच्या घरी मापटं आणि चिपटं अजून आहे, निळवं कुठं गेलं कुणालाच माहीत नाही. एकासाठी शिजवायची वेळच आली नसणार.

चारनं भागून का चालत नाही

आता भांडी. घरून आणलेल्या पाच लिटरच्या कुकरमध्ये अर्धी वाटी डाळ आणि तीन वाट्या पाणी थेट टाकून बघा. कुकरचा तळ इतका रुंद असतो की पाण्याचा थर जेमतेम बोटाच्या पेराएवढाही होत नाही. वाफ धरेपर्यंत त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं आणि डाळ बुडाला लागते. शिवाय तेवढं जाड ॲल्युमिनियम तापवायला गॅस जातो तो वेगळा. शिट्टीच्या आत तापमान साधारण १२० अंशांपर्यंत जातं, हे छोट्या कुकरमध्येही तेवढंच. म्हणजे मोठ्या कुकरमध्ये एका माणसाची डाळ काही लवकर शिजत नाही, उलट वाफ धरायलाच जास्त वेळ लागतो.

मग एकट्याला कुकर केवढा? बाजारात दीड लिटरपासून मिळतात. माझं मत दोन लिटर. कारण सांगते. डाळ, भात, खिचडी असे फुगणारे आणि फेसाळणारे पदार्थ कुकरच्या निम्म्यापर्यंतच भरायचे असतात, नाहीतर फेस वर चढून शिट्टीचं भोक बुजतं. पाऊण वाटी तांदूळ, पाव वाटी डाळ आणि तीन वाट्या पाणी, अशी एका माणसाची खिचडी म्हणजे चार वाट्या, साधारण ६०० मिली. त्यात कांदा, बटाटा, शेंगदाणे पडले की दीड लिटरच्या कुकरची निम्मी खूण गाठली जाते. दोन लिटरमध्ये ती आरामात मावते आणि एखादी मैत्रीण अचानक जेवायला टपकली तरी भागतं. तीन लिटरचा आधीच असेल तर नवा घेऊ नका. तळाला दोन पेले पाणी घाला आणि आत दोन छोटे डबे एकावर एक ठेवा. एकात भात, एकात डाळ. डब्यात मापाचंच पाणी राहतं, त्यामुळे काही करपत नाही. आणि घेताना आयएसआयची खूण बघून घ्या. २०२१ पासून घरगुती कुकरला ती बंधनकारक आहे. आठवडे बाजारात किलोवर मिळणारं पातेलं खुशाल घ्या, कुकर नको.

पातेल्याचंही तेच. चार वाट्या तांदळाला आठ वाट्या पाणी पुरतं, पण एका वाटीला दोन वाट्या घालून उघड्या रुंद पातेल्यात भात लावला तर तो कोरडा, टणक होतो. कारण वाफ होऊन उडणारं पाणी तांदळाच्या वजनावर ठरत नाही. भांड्याचं तोंड किती रुंद आणि गॅस किती वेळ चालू, यावर ठरतं. चौघांचा भात असो की एकाचा, पातेलं तेच असेल तर पाणी जवळजवळ तेवढंच उडतं. चौघांच्या भाताला ते जाणवत नाही, एकाच्या भाताचा जीव जातो. म्हणून एकट्याचं पातेलं उभट आणि अरुंद हवं, वर घट्ट झाकण हवं आणि पाणी हिशोबापेक्षा थोडं जास्त.

आणि आता ती कढई. फोडणीत मोहरी तडतडायची तर ती तेलात बुडायला हवी. रुंद, सपाट कढईत चमचाभर तेल टाकलं की ते पसरून नाहीसं होतं. मोहरी कोरडी भाजली जाते, लसूण काळा पडतो. मग हात सुटतो आणि अजून तेल पडतं. दोन चमचे, तीन चमचे. तेलाची पिशवी इथं संपते. खोलगट बुडाची, सात-आठ इंची लोखंडी कढई घ्या. चमचाभर तेल मध्ये गोळा होतं आणि तेवढ्यात फोडणी होते. आपल्या शेवभाजीच्या रश्श्यावर तवंग हवाच, मान्य. पण तो एका वाटीवर हवा, आख्ख्या परातीवर नाही.

शेवभाजीवरून आठवलं. तिच्या वाटणाचा मोठा वैताग. एका माणसाचं भाजलेलं खोबरं-कांदा मिक्सरच्या भांड्यात टाकलं की पातं वर फिरत राहतं आणि वाटण कडेला चिकटून बसतं. सगळ्यात लहान, चटणीचं भांडं वापरलं तरी निम्मं तसंच. जास्त करून ठेवावं तर फ्रिज नाही आणि कांद्याचं ओलं वाटण टिकत नाही. यावर आपल्याकडे आधीपासूनच उत्तर आहे, ते म्हणजे गोणीतली ती काळ्या मसाल्याची बरणी. उन्हाळ्यात आयांनी केलेला मसाला कोरडा असतो म्हणून वर्षभर टिकतो. त्याच धर्तीवर सुकं खोबरं भाजून, कोरडंच कुटून डबीत भरून ठेवा. रोज कांदा तेवढा गॅसवर भाजून खलबत्त्यात ठेचायचा. मिक्सर न घेता तीन वर्षं काढता येतात. माझी निघाली.

तवा मात्र छोटा घेऊ नका. इथं माझा सूर बदलतो, कारण भाकरी एकाची असो की दहांची, ती तेवढीच मोठी होते. लोखंडी, जाड, साधा तवा. नॉनस्टिकवर भाकरी करायला जाऊ नका. रिकामा, कडक तापलेला तवा तिला लागतो आणि त्या तापात नॉनस्टिकचा थर खराब होतो. परात नसेल तर मोठं ताट चालतं. कळण्याचं पीठ घरून महिन्याचं आणायचा मोह होतो, पण ज्वारीचं पीठ जुनं झालं की कडवट होतं आणि भाकरी थापताना चिरा पडतात. उन्हाळ्यात जास्तच. धान्य आणा आणि जवळच्या गिरणीत आठवड्याचं, दीड-दोन किलो दळा.

गॅस की इंडक्शन

ज्यांना घरमालक परवानगी देतो त्यांच्यासाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर बरा. इंडियन ऑइलनं त्याला नावच ‘छोटू’ दिलंय. मोठ्या कनेक्शनसारखा पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर मिळतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यासाठी हे महत्त्वाचं, कारण आपला आधारवरचा पत्ता पिंपळनेरचा असतो. दिवसाला तासभर शेगडी चालली तर साधारण महिनाभर जातो. गल्लीबोळात मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून देणारे असतात. स्वस्त पडतं म्हणून तिकडे फिरकू नका. ते बेकायदा आहेच, आणि गळतीनं स्फोट झाला तर दहा बाय दहाच्या खोलीत पळायला जागा नसते.

इंडक्शनला भांडं लोखंडाचं किंवा खाली चुंबक चिकटेल अशा स्टीलचं लागतं, तेही सपाट बुडाचं. घरून आणलेलं जर्मलचं पातेलं त्यावर ढिम्म तापत नाही. भांडी घ्यायला जाताना खिशात फ्रिजवर लावायचं चुंबक ठेवा. बुडाला घट्ट चिकटलं तर घ्या. नाशिकच्या भांडी बाजारात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर कुणी त्याबद्दल काही म्हणत नाही, सवय झालीय त्यांना. इंडक्शनवर भाकरी आचेवर टाकून फुगवता येत नाही, फडक्यानं तव्यावरच दाबून फुगवावी लागते. आणि जुन्या वाड्यातल्या वायरिंगवर गिझर आणि इंडक्शन एकदम लावलं तर वीज जाते, मग जिना उतरून फ्यूज बघायला कुणी जायचं यावर भांडणं होतात.

उरलं तर

सगळं माप सांभाळूनही कधीतरी भात उरतोच. आपल्याकडे रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकायची पद्धत आहे, पण एप्रिल-मेच्या पत्र्याच्या खोलीत ती विसरा. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवल्यावरही मरत नाहीत. भात उबेत तासन् तास राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. उलट्या सुरू झाल्यावर आपण बाहेरच्या पाणीपुरीला शिव्या देतो, आणि खरा आरोपी खोलीतल्या झाकणाखाली असतो. फ्रिज नसेल तर भात त्या-त्या वेळेपुरताच करा. जास्तीचं करायचंच असेल तर भाकरी करा. ती कोरडी, टिकते. सकाळी कुस्करून, कांदा-लसूण घालून फोडणीची भाकरी होते, आणि खरं सांगू, ती ताज्या भाकरीपेक्षा मला जास्त आवडते.

भाजीबाबत आपल्याकडे एक पदार्थ जणू एकट्यासाठीच जन्माला आलाय, भरीत. एक वांगं, एक माणूस. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. हिरवट, मोठी, कमी बियांची ती वांगी थंडीत नाशिकलाही दिसतात. पाव किलोचं एक वांगं गॅसवर भाजा, हिरव्या मिरच्या आणि लसूण त्याच आचेवर भाजून ठेचा, पातीचा कांदा घाला. भांडी किती? एक ताट आणि एक छोटी कढई.

पातीचा कांदा आणि कोथिंबीर यांची मात्र अडचण आहे. जुडी एका माणसाच्या मापाची मिळत नाही. बाकीही बऱ्याच गोष्टी लहान मापात महाग पडतात. पावशेर डाळ घेणाऱ्याला किलोमागे जास्त मोजावे लागतात, पाच रुपयांच्या मसाल्याच्या पुड्या जोडून बघा मग कळेल. ज्याच्याकडे कमी पैसे, त्यालाच महाग. इथं उपयोगी पडते ती आपली ‘कॉन्ट्री’. आमच्या मजल्यावरच्या तीन खोल्या मिळून डाळ, तेल आणि शेंगदाणे एकदम घेतात आणि वाटीनं वाटून घेतात. कोथिंबिरीची जुडी तीन ठिकाणी तुटते. शिजवायचं ज्यानं-त्यानं, आणायचं एकत्र. जेवणाच्या वेळा जुळत नसल्या तरी बाजाराची वेळ जुळवता येते. हप्ता उशिरा आला तर ज्याचा आलाय तो आधी भरतो, भिंतीवर कॅलेंडरमागे हिशोब लिहिलेला असतो.

काही पदार्थ मात्र एकट्यानं करूच नयेत, असं माझं ठाम मत आहे. मांडे तर सोडाच, ते खापर, ती आग आणि तो हात आपल्याकडे नाही. पण वरण-बट्टीही. जाडसर कणीक दळून आणायची, मळायची, गोळे उकडायचे, कापायचे, तळायचे, वर घोटून केलेलं वरण आणि वांग्याची भाजी. एवढा खटाटोप दोन बट्ट्यांसाठी करणारा माणूस एकतर फार दुःखी असतो किंवा परीक्षा टाळत असतो. बट्टी रविवारी करा आणि किमान पाच-सहा जण जमवा. तेव्हा वरणाला मोठा कुकर लागतो. तो बिल्डिंगमध्ये कुणाच्या तरी कॉटखाली, आत कांदे भरून पडलेला असतोच. फक्त कणीक कोण दळून आणणार आणि भांडी कोण घासणार, हे शनिवारीच ठरवून घ्या.